पन्नास पावलांचं माहेर

आमच्या बोरीतल्या लग्नात भटजींपेक्षा माइकवाला जास्त बोलतो. शेजाऱ्याच्या मुलाच्या लग्नातही त्याने आजी-माजी सरपंचांचं तासभर स्वागत केलं. मी फेटा नाकारून मागच्या खुर्चीत बसलो होतो. नवरी ओडिशाची. तिच्याकडून एकटी आई आली होती. दोन दिवसांचा प्रवास बाकीच्यांना जमला नाही.

अंतरपाट धरला गेला आणि माइकवाला ओरडला, "मुलीचे मामा, मुलीच्या मागं उभे राहा!" त्याने तीनदा पुकारलं. नवरी मान खाली घालून उभी, आणि तिच्या मागे कोणीच नाही.

नवरदेवाचे वडील धावत माझ्याकडे आले. "सर, तुमी व्हा मामा."

"अरे, मी मुलाकडचा ना?"

"आता तिकडचं. अन् फेटा घाला, राव. बिनफेट्याचा मामा आमी न्हाई पायला."

घातला.

मला वाटलं, काम झालं. दिवाळीत आळीतल्या नव्या सुना एकेक करून माहेरी गेल्या. पहिल्या दिवाळीला सुनेला न्यायला माहेरचा माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. पाडव्याला या ओडिशाच्या पोरीची सासू आमच्या दारात उभी. "पोरगी सकाळपास्नं पिशवी भरून बसलीय. न्यायला कवा येताय?"

"मी?"

"मामा ना तुमी? का फोटोपुरतं व्हते?"

इस्त्रीचा सदरा घालून, लाडवांचा डबा घेऊन मी रस्ता ओलांडला. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, चहा दिला आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं, "प्रवासात तरास न्हाई ना झाला?" मग सुनेची ओटी भरली, डोळ्यांना पदर लावला. आम्ही निघालो. पन्नास पावलं. पोरीने चारदा वळून पाहिलं.

राष्ट्रीय एकात्मतेवर शाळेत तीस वर्षं मी मुलांकडून भाषणं पाठ करून घेतली. त्यांत परप्रांतातून आलेल्या सुनेला आयता चहा कुठे मिळेल, याचा उल्लेख नव्हता. आमच्याकडे तो मिळाला, तोही आठ वाजता, अंथरुणात. दुसऱ्या दिवशी बायकोने कौतुकाने मासवडी केली. पोरीने वडी उकलून आत मासा शोधला. तीळ-खोबरं निघालं. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने खाल्लं.

चौथ्या दिवशी तिचा नवरा न्यायला आला. ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. उठली नाही.

"उद्या ये," म्हणाली. "मामा मासे आणनार हाय."

मला हे नवीन होतं. आमच्या माळकरी घरात मासा कधी शिजला नव्हता. मी बायकोकडे पाहिलं. ती परसात गेली होती, तीन विटांची चूल मांडत होती.