डिलर्ड वर्गात येऊन बसले

यंगस्टाउनच्या कॉलेजातला लेखनविभाग सांभाळणाऱ्या मार्लीन वुकोविचला विश्वस्तांच्या बैठकीत खुर्चीवर धड बसवत नव्हतं. विश्वस्त रस डिलर्ड, ट्रकच्या सुट्या भागांचे कारखानदार, आपल्या एका नव्या कारकुनाचा ईमेल रंगवून वाचत होते आणि सगळे हसत होते.

"हे तुमचे पदवीधर. चार ओळी सरळ लिहिता येत नाहीत. मग हा विभाग पोसायचा कशाला?"

"गावात आजार वाढला म्हणून कुणी दवाखाना बंद करतं का?" मार्लीन ताडकन म्हणाली.

डीननी कपाळाला हात लावला. निर्णय सोमवारवर गेला.

घरी तिला चैन पडेना. सूप करपलं. शेवटी तिने डिलर्डना फोन लावला. "एकदा वर्गात येऊन बसा. मग खुशाल बंद करा."

डिलर्ड आले, ते लाल पेन घेऊनच. वृद्धाश्रमात काम करणारी विद्यार्थिनी योलांडा तिकडे जाणारा बसमार्ग बंद होऊ नये म्हणून अर्ज लिहीत होती. डिलर्डनी तिचं अर्धं पान खोडलं.

"खोडलंत ते ठीक," योलांडा म्हणाली. "आता तिथं लिहू काय?"

"बस गेली तर नोकरी जाईल, असं लिही."

"मग ते म्हणतील, गाडी घे."

डिलर्डनी स्वतः एक वाक्य लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. जमेना. मार्लीन येऊन शेजारी बसली. "बस नाही आली तर सकाळी वृद्धाश्रमात काय होतं गं?"

योलांडा लिहू लागली: 'मी वेळेवर पोचले नाही, तर ऑर्टलीबबाई ओल्या अंथरुणात पडून राहतात.'

डिलर्डनी पेनाला टोपण लावलं.

सोमवारी त्यांनीच विभागाची बाजू घेतली. विभाग वाचला, पण दोन शिक्षक कमी झाले आणि वर्ग जवळजवळ दुप्पट मोठे झाले.

"आता तरी खूश ना?" बाहेर पडताना डिलर्डनी विचारलं.

"त्या दिवशी मी योलांडापाशी बसू शकले. एवढ्या गर्दीत कुणापाशी बसू?"

"मला तेवढंच जमलं, मार्लीन."

तेही खरं होतं. तिने त्यांचे आभार मानले, पण पाय थांबेनात. कमी झालेल्या दोन शिक्षकांपैकी फिल अमाटो खालच्या मजल्यावर निबंध तपासत बसला होता; त्याला अजून कुणी सांगितलं नव्हतं. दाराशी ती दोनदा मागे फिरली. मग आत गेली आणि त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.