पट्टीपलीकडचं गवत

मळ्यावरचे लोक त्याला मोजणीदार म्हणत. पलटणीतून जायबंदी होऊन, खचून, घरच्यांना जड होऊन आलेले अकरा जण तिथे राहत होते, आणि अकरा फौजी एकत्र आले की टोपणनावाला मुहूर्त बघावा लागत नाही. हा आला आणि चौथ्याच दिवशी कुरणाच्या फाटकापाशी हातभर लांब लोखंडी सळई घेऊन गुडघ्यांवर बसला. सळई तिरकी मातीत खुपसायची, काही लागतं का बघायचं, मग दोन बोटं पुढे सरकायचं. जेवढी जागा तपासून झाली तिच्या दोन्ही कडांना पांढरी पट्टी अंथरायची. तोफखान्यातून आलेला अर्धा बहिरा आचारी हे बघून ओरडला, "काय मोजणीदार, कुरण कुणाच्या नावावर करताय?" सगळे खो खो हसले. त्या हसणाऱ्यांतल्या एकालाही धड झोप लागत नव्हती, ही गोष्ट वेगळी.

कुरणात सुरुंग नव्हता. कधीच नव्हता. हे त्याला स्वतःच्या नावाइतकं पक्कं ठाऊक होतं. पण डोक्याला ठाऊक असून काय उपयोग, पाय ऐकतील तर ना! अठरा वर्षं त्याने सुरुंग काढले. शेवटच्या दिवशी त्याने अशीच एक वाट तपासली, पट्टी अंथरली आणि मागे उभ्या असलेल्या जोडीदाराला म्हणाला, "साफ आहे." जोडीदार रोज न चुकता प्रार्थना करणारा माणूस. त्याचा भरवसा देवावर, आणि देवाच्या खालोखाल याच्यावर. तो निर्धास्त पुढे गेला. पट्टीच्या आतूनच गेला. त्याच्या घरी पोचवायला फारसं काही उरलं नाही.

त्या गोष्टीला आता सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत 'साफ' हा शब्द याच्या तोंडून निघाला नव्हता, आणि फरशी, डांबर, सिमेंट सोडून कशावर याने न तपासता पाय ठेवला नव्हता. घरापुढच्या वाफ्यावर त्याने स्वतःच्या हाताने सिमेंट ओतलं, बायकोच्या गुलाबांसकट. तेही तिने गिळलं. पण मुलगी शाळेच्या मैदानावर धावत होती म्हणून त्याने खेळाच्या शिक्षकांची गचांडी धरली, तेव्हा तिने हात टेकले आणि त्याला या मळ्यावर आणून सोडलं.

मळा चालवणारे गुरुजी एके काळी पलटणीत प्रार्थना सांगायचे. त्यांचं औषध साधं होतं. सकाळी प्रार्थना, मग दिवसभर ज्याने त्याने आपापल्या घोड्याचं सगळं करायचं, संध्याकाळी पुन्हा प्रार्थना. मधे कुणी कुणाला खोदून काही विचारायचं नाही. याच्या वाट्याला एका डोळ्याने आंधळी, म्हातारी घोडी आली. तिचा खरारा, तिची चंदी, तिचं पाणी तो जीव लावून करायचा. प्रार्थनेला मात्र ओठ घट्ट मिटून बसायचा. चरायला सोडायच्या वेळी घोडीला पट्टीच्या टोकापर्यंत न्यायचा, म्होरकी काढायचा आणि डोळे गच्च मिटून उभा राहायचा. घोडी रोज धडधाकट परत यायची. याला त्याचा काडीचा उपयोग व्हायचा नाही.

तीच जागा पुन्हा पुन्हा तपासत तीन महिन्यांत पट्टी बावीस पावलं पुढे गेली. आणि फोनवर बायको म्हणाली, "रविवारी पोरीला घेऊन येते. चारच्या गाडीने तुम्ही आमच्याबरोबर घरी आलात तर आलात. नाहीतर मी हिला घेऊन दादाकडे जाते, कायमची. मला आता होत नाही हो." ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती नुसती दमली होती.

रविवारी तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून फाटकाशी उभा राहिला. त्या दोघी आल्या. बायको गुरुजींशी बोलत होती तेवढ्यात नऊ वर्षांच्या मुलीला घोडी दिसली. पोरच ते! धावत सुटली, पट्टीच्या आतून गेली, पट्टी संपली तरी थांबली नाही.

"थांब! हलू नकोस!"

त्याचा हा आवाज घरातला नव्हता, पलटणीतला होता. मुलगी पट्टीपलीकडे बारा पावलांवर जागच्या जागी गोठली.

"अगं ये इकडे, काही नाहीये तिथे," बायको म्हणाली आणि तिला आणायला निघाली. आचारीही निघाला. तेव्हा मुलीने असा टाहो फोडला की तो बहिराही थबकला. "आई, येऊ नका कुणी! बाबांनी नको म्हटलंय!"

बायको गुरुजींकडे वळली. "तीन महिने हेच केलंत इथे? सांगा ना तुमच्या देवाला, माझ्या पोरीला बाहेर काढ म्हणावं!" गुरुजी खोटं उत्तर देणाऱ्यांतले नव्हते. ते गवताच्या कडेला मटकन खाली बसले.

तोवर हा सळई घेऊन पट्टीच्या टोकाला गुडघ्यांवर बसला होता. खुपस, बघ, सरक, पट्टी अंथर. भर दुपार. घामाने शर्ट भिजला. वेडेपणा आहे हे त्याला कळत होतं, सगळे बघताहेत हेही कळत होतं, आणि हात थांबत नव्हते. घोडी चरत चरत मुलीजवळ जाऊन उभी राहिली, तिची थोडी सावली झाली. बारा पावलांना दीड तास लागला.

तो पोचला तेव्हा मुलीच्या पोटऱ्या थरथरत होत्या. "बाबा, मी पाय अजिबात नाही हलवला," ती म्हणाली. शाबासकीची वाट बघत होती.

तो वळून पट्टीच्या आतून परत निघाला. चार पावलांनी मागे बघितलं, तर ती त्याच्या बुटाखाली दबलेल्या गवतावर मोजून आपला पाय ठेवत होती. एकही बोट बाहेर नाही. जोडीदार असाच चालायचा.

त्याला लख्ख कळलं. रोग आपल्याला होता, आणि तो आपण पोरीला दिला. सिमेंट ओतून, मैदानातून खेचून आणून, एका हाकेत दिला. त्या दिवशी जोडीदाराच्या जागी आपण गेलो असतो तर निदान ही तरी शहाणी राहिली असती, असं त्याला मनापासून वाटलं. सहा वर्षं मिटलेले ओठ हलले. "देवा, मला नको बरं करूस. पण हिला हे नको."

आणि त्याने पट्टी ओलांडून गवतात पाय ठेवला.

"बाबा, तिकडे पट्टी नाही!"

त्याला ते म्हणावंच लागणार होतं. दुसरा शब्दच नव्हता. तो शब्द निघेना, मग निघाला. "साफ आहे."

तिने एकदाही विचार केला नाही. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि पाऊल टाकलं. या खेपेला त्याने डोळे मिटले नाहीत. गवत दबलं, एवढंच झालं.

"आणि इथे?" तिने विचारलं.

"साफ."

"आणि इथे?"

फाटक अजून तीस पावलं लांब होतं. प्रत्येक पावलाला ती विचारत राहिली, आणि प्रत्येक वेळी तो ढसाढसा रडत, 'साफ' म्हणत जोडीदाराला पुन्हा एकदा पुढे पाठवत राहिला. आचाऱ्यालाही आज सगळं ऐकू येत होतं. ती दोघं फाटकाशी आली तेव्हा बायकोने त्याच्या मुठीतली सळई एकेक बोट सोडवून काढून घेतली, आणि चारच्या गाडीसाठी त्याची पिशवी भरायला आत गेली.