कबाहेंडाला गोळी लागू पडेना

दुपारच्या बातम्या संपल्या की फोर्ट पोर्टल या गावच्या रेडिओवर कबाहेंडा निधनवार्ता वाचायची. चहाच्या मळ्यात पानं खुडणारे हात थांबायचे. कोण गेलं, कुणाचा कोण, दफन कधी, हे ती इतक्या स्वच्छ आवाजात सांगायची की अंथरुणाला खिळलेले म्हातारे म्हणत, "माझं नाव हिनंच वाचावं." अकरा वर्षांत तिच्या तोंडून एकही नाव चुकलं नव्हतं.

चाळिशीत तिच्या गळ्यावर गलगंड वाढला. शस्त्रक्रियेत थायरॉईडची सगळी ग्रंथी काढावी लागली. आवाज तेवढा वाचला. त्या ग्रंथीचं काम आता रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या एका गोळीवर आलं, तेही जन्मभर. गोळी एक दिवस चुकली नाही.

तरी तिसऱ्या वर्षी तिला भर उन्हात थंडी वाजू लागली. बोटं सुजली, भुवया विरळ झाल्या, जीभ जड पडली. एक दिवस रेडिओवरचा तंत्रज्ञ म्हणाला, "अकीकी, लोक फोन करून विचारतायत, टेप हळू फिरतेय का?" अकीकी ही तिची लाडाची हाक. तोरोत, म्हणजे त्या मुलखात, प्रत्येकाला अशी एक हाक असते, आणि नावापेक्षा तीच जास्त चालते.

"टेप कुठली," ती म्हणाली. "मीच आहे ती."

दवाखान्यात रक्त तपासलं. नर्सने कागदावरून मान वर केली नाही. "गोळ्या घेत नाहीस तू."

"रोज घेते."

"रोज घेतल्या असत्यास तर हा आकडा आला असता का? मला शिकवतेस?"

गोळीची ताकद वाढवली. तीन महिन्यांनी आकडा आणखी बिघडला, ताकद पुन्हा वाढवली. कबाहेंडा आणखी मंद होत गेली. तिच्या पोटात जळजळ होती, पण ती इतकी जुनी की तिला आजार म्हणावं असं तिच्या मनातच आलं नाही. गोळी गिळली की लगोलग ती बाजारात मिळणारी भाजलेल्या मातीची कांडी चघळायची. निम्म्या गावच्या बायका चघळत. पोट शांत व्हायचं. हे तिने दवाखान्यात सांगितलं नाही आणि तिला कुणी विचारलंही नाही.

मार्चमध्ये बागोंझा नावाच्या माणसाची आत्या गेली. कळवणारा म्हणून चिठ्ठीत खाली त्याचं नाव होतं. कबाहेंडाने आत्याऐवजी त्याचंच नाव गेलेल्याचं म्हणून वाचलं, आणि चुकलं हे तिच्या ध्यानातही आलं नाही. तासाभरात त्याच्या दारात रडणाऱ्या बायका जमल्या. तो दाढी करत होता. तसाच अर्ध्या दाढीने तो रेडिओच्या कचेरीत आला.

"बाई, मी जिवंत आहे. तेवढं सांगून टाक."

तिने सांगितलं, माफीही मागितली. नवव्या दिवशी उतारावर मोटारसायकल घसरली आणि बागोंझा जागच्या जागी गेला.

त्यानंतर तिचा आवाज आला की लोक रेडिओ बंद करू लागले. बाजारात केळीवाली हसत म्हणाली, "घड हवा तर ने, अकीकी, पण माझं नाव घेऊ नकोस हं." तिचे डोळे मात्र हसत नव्हते. रेडिओच्या साहेबांनी कबाहेंडाला घरी बसायला सांगितलं. तिने वाद घातला नाही. तिला स्वतःच्याच जिभेची धास्ती बसली होती. घरात बहिणीलासुद्धा ती नावाने हाक मारीना.

जूनमधल्या एका सकाळी ती उठलीच नाही. डोळे अर्धवट उघडे, चेहरा फुगलेला, अंग ओल्या दगडासारखं गार. बहीण कोबुसिंगेने शेजाऱ्याच्या ट्रकमध्ये घालून तिला मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे डॉक्टर तुसीमेबाईंनी तिला पांघरुणांत गुंडाळलं आणि नाकातल्या नळीने गोळ्या कुटून पोटात सोडल्या. चौथ्या दिवशी कबाहेंडा बोलली. पहिलं वाक्य होतं, "मी गोळ्या घेत होते."

"माझा विश्वास आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण कागदाचा बसायला हवा."

अंगात जीव आल्यावर तिला समोर बसवून बऱ्याच गोळ्या एकदम गिळायला लावल्या, तोंड उघडून पाहिलं, दिवसभर बाकावर ठेवलं आणि ठराविक वेळाने रक्त काढलं. रक्तात औषध जेमतेम चढलं होतं.

"गोळी पोटात जाते, पण पुढे सरकत नाही. दुसरं काय खातेस?"

कोबुसिंगेने सांगून टाकलं, "माती खाते."

घशातून दुर्बीण घालून पोट पाहिलं. आतलं अस्तर जंतूंनी सुजून पातळ झालं होतं. "जळजळ सुजेची आहे. आम्ल तर पोटात उरलेलंच नाही, म्हणून गोळी नीट विरघळत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जी विरघळते ती माती धरून ठेवते."

माती सुटली. दोन आठवडे जंतूंवरचं औषध झालं. सूज ओसरली, शब्द पूर्वीसारखे सुटे येऊ लागले. पण सप्टेंबरात तिचं काळीज धडधडायला लागलं, हात थरथरू लागले, घाम फुटू लागला. "पडून राहा, ताप असेल," कोबुसिंगे म्हणाली. कबाहेंडाने ऐकलं नाही. ती चालत दवाखान्यात गेली. समोर तीच नर्स.

"आता काय, जास्त घेतेस?"

"तेवढ्याच घेते. आता त्या लागू पडतायत. रक्त काढ."

नर्सने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि रक्त काढलं. गोळीची ताकद जवळजवळ निम्मी करावी लागली. पातळ झालेल्या अस्तरात पुढे वाईट काही उगवू शकतं, म्हणून अधूनमधून दुर्बीण घालून पाहावी लागेल, हेही डॉक्टरांनी लपवलं नाही. रेडिओने तिला परत बोलावलं नाही.

ख्रिसमसच्या आधी ती बागोंझाच्या बायकोकडे गेली. बाई अंगणात घेवड्याच्या शेंगा सोलत होती. कबाहेंडाने गोळी, पोट, माती, सगळं सांगितलं.

बाईने ऐकून घेतलं. "म्हणजे तू आजारी होतीस."

"हो."

"मग माझा नवरा का गेला?"

बाईने तिला बस म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. कबाहेंडा खाली बसली, टोपलीतल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलू लागली.