पाखरांची आईकडची नाती

२००३ सालच्या उन्हाळ्यात मी कासार आंबोली सोडली. पौड रस्त्यावरच्या फाट्यावर माझ्या वडिलांनी, दादांनी, माझी बॅग एसटीत चढवली आणि आई खिडकीखाली उभी राहिली. पुण्याहून पुढे रेल्वेने बेंगळुरू, तिथे पतंगांवर पीएच.डी. दिव्याकडे झेपावणाऱ्या पतंगांना आमच्याकडे नुसतं पाखरू म्हणतात. गाडी सुरू होताना आई म्हणाली, "पाखरं हितं काय कमी हायेत? रोज दिव्यावर पडत्यात." मी खिडकीतून हात हलवला आणि गाडी निघाली.

बेंगळुरूला घरमालकीणबाई रोज "ऊटा आयता?" विचारायच्या, म्हणजे जेवलीस का. पुढे मीही घरच्या फोनवर तेच विचारू लागले आणि दादा गोंधळून "काय गं?" म्हणायचे. माझं काम त्यांना सांगणं त्याहून अवघड होतं. पेशीला ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया नावाचे बारीक कण असतात, त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो. पतंगाच्या एका पायातून तो काढायचा, त्यातली पंधरा-सोळा हजार अक्षरं वाचायची आणि दुसऱ्या पतंगांच्या अक्षरांशी ताडून पाहायची. फरक जितके कमी, नातं तितकं जवळचं.

सुरुवातीची वर्षं प्रयोग फसण्यातच गेली. मग एका दुपारी संगणकावर नात्यांचं पहिलं झाड उमटलं. एक मळकट तपकिरी पाखरू, ज्याला पंखांवरून सगळे भलत्याच कुळात घालत, ते लांब शेपटीच्या हिरव्यागार पतंगांशेजारच्या फांदीवर जाऊन बसलं होतं. मी सगळं पुन्हा वाचलं, तरी तिथेच. कोट्यवधी वर्षांपूर्वी या दोघांची आई एक होती, आणि त्याची खूण त्या केसाएवढ्या पायात अजून शाबूत होती. त्या दिवशी मला जेवणाची शुद्ध राहिली नाही.

२००७ मध्ये रीतसर परवानगी काढून मी नमुने गोळा करायला गावी आले. समोरच्या टेकडीवर बंगले उभे राहिले होते आणि निम्मी पाखरं आता त्यांच्या दिव्यांकडे जात होती. दिवेलागणीला मी अंगणात पांढरी चादर बांधून तिच्यापुढे बल्ब लावला. आई शेजारी येऊन बसली.

"एका तंगडीवरनं भावकी कळती व्हय?"

"भावकी न्हाई, आई. आईकडचं नातं. हे फकस्त आईकडनं येतं, बापाकडनं न्हाई."

"माणसांचंबी असंच?"

"व्हय."

आई तान्ही असतानाच तिची आई गेली होती. तिचा फोटो नव्हता, आणि ती दिसायला कशी होती हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. चादरीवरच्या एका पाखराकडे बघत आई म्हणाली, "मंजी माज्या आईचं माज्यात हाय?"

"तुझ्यात हाय. माझ्यातबी."

"मला दावशील?"

पुण्याच्या पुढे कधी न गेलेली आई पुढच्याच वर्षी बेंगळुरूला आली. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी परवानगी दिली. मी तिच्या आणि माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला आणि त्या डीएनएचा एक तुकडा वाचला. निकाल आला त्या दिवशी आई चपला दाराबाहेर काढून प्रयोगशाळेत आली. पडद्यावर रंगीत लाटांच्या दोन ओळी होत्या, एकीखाली एक, प्रत्येक अक्षराला एक रंग. वरची तिची, खालची माझी. इंग्रजी अक्षरं तिला येत नव्हती, पण रंग दिसत होते. तिने बोट न टेकवता, काचेपासून जरा लांबून, हिरवं, तांबडं, निळं, काळं असं शेवटपर्यंत जुळवत नेलं. कुठेही फरक नव्हता.

"आन् आईची?"

"तिचीबी हीच असणार. हे लवकर बदलत न्हाई."

आईने डोक्यावरून पदर घेतला. वडीलधारं माणूस समोर आलं की ती घेते, तसा.

आता २०१० आहे आणि मी बेंगळुरूलाच नोकरीला आहे. गावच्या घरातल्या दोन खोल्या भाड्याने गेल्यात. आमच्या मुळशी तालुक्यातून माझ्यासारखे बाहेर पडलेले भेटले, की घर सुटल्याचं बोलतात. पूर्वी मीही बोलायचे. आता वाटतं, जे घेऊन मी एसटीत चढले, ते माझी आई माहेरून सासरी घेऊन आली होती, आणि तिची आई त्याच्याही आधी कुठल्याशा गावाहून. घर म्हटलं की मला हल्ली त्या सगळ्याजणी आठवतात, चेहरे ठाऊक नसलेल्या.

तेव्हा आई गावी परतल्यावर शेजारणींनी तिला विचारलं होतं, बेंगळुरात काय काय बघितलं. बागा, राजवाडा, सगळं मी तिला हिंडवून दाखवलं होतं. दादांनी मला फोनवर सांगितलं, ती एवढंच म्हणाली.

"आई बघून आले."