मुक्काम लंडन, पोस्ट डाळज

श्रावणातला शेवटचा रविवार, सकाळी साडेदहा. स्थळ सणसर, मारुतीच्या देवळासमोरचा मांडव. हजर: सरपंच, कारखान्याचे एक माजी संचालक, शाळेचे दोन गुरुजी, तिचे वडील म्हणजे आबा, आई, थोरला भाऊ, डाळजचा मामा, बारामतीहून मी, आणि सत्कारमूर्ती ती, लंडनला शिकायला निघालेली. मागे मांडवाच्या रुंदीचा फ्लेक्स. त्यावर मधोमध ती, एका बाजूला लंडनचं घड्याळ, दुसऱ्या बाजूला विमान. खाली शुभेच्छुकांचे फोटो होते. त्यातल्या निम्म्यांनी तिला कधी पाहिलेलं नव्हतं.

तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उभी राहिली, उजव्या हाताचं बोट वर केलं आणि म्हणाली, "एक वरीस. पुढल्या सप्टेंबरच्या अखेरीला मी परत येणार हाय. मॅडमकडं कामाला."

टाळ्या पडल्या. लोकांनी ते ऐकलं, पण असं बोलायची रीत असते म्हणून ऐकलं.

बोट वर करून वेळ सांगायची तिची सवय मला ठाऊक होती. माझी बारामतीत माती-पाणी तपासणीची प्रयोगशाळा आहे. शेतीची पदवी घेऊन ती थेट माझ्याकडे आली होती. मी रोज सकाळी कामांची यादी भिंतीला लावते, आणि संध्याकाळी त्यातल्या किती ओळी खोडल्या गेल्या ते बघते. तिच्या नावापुढच्या सगळ्या खोडलेल्या असत. बाकीची मुलं शेतकऱ्याला "उद्या-परवा या" म्हणत. ही बोट वर करून म्हणे, "शनिवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर."

सुप्याचे एक तात्या गुरुवारीच येऊन बसले. "पोरी, मला पेरायचंय."

"तात्या, माती सावलीत वाळतीया. तिला घाई करता येत न्हाय. मी शनिवार सांगितला हुता."

"आन शनिवारपतुर मी मेलो तर?"

"तर पोराला पाठवा."

तात्या हसत हसत गेले आणि शनिवारी स्वतःच आले. अहवाल तयार होता. अशी माणसं तुमच्याही कचेरीत एखाददुसरी असतील. घरच्यांना ती जड जातात, पण कामाच्या ठिकाणी त्यांच्यासारखा आधार नाही. जे बोलायचं तेच करायचं, आणि समोरचाही आपलं बोलणं तसंच घेतो अशी त्यांची समजूत असते.

लंडनच्या एका विद्यापीठात माती या विषयाचा वर्षभराचा अभ्यासक्रम होता आणि त्याला तिला शिष्यवृत्ती मिळाली. मी म्हटलं, जा. जागा तुझीच राहील.

तिकडून ती रविवारी फोन करी. पहिल्याच फोनवर म्हणाली, "मॅडम, हितलं पाणी आपल्या बोरच्या पाण्यासारखं जड हाय. किटलीत पांढरा थर बसतोय. मला वाटलं, मोठं शहर म्हणजे पाणी गोडं असंल." नदीकाठी ती तासन्‌तास चालायची. खोलीत तिच्याबरोबर केनियाची एक मुलगी होती. तिला हिने पिठलं शिकवलं. एकदा मी विचारलं, "आवडतंय का?"

"लई आवडतंय."

"मग थांब की. पुढे दोन वर्षं काम करता येतं म्हणतात."

"आवडलं म्हणून हितंच राहायचं का? मी वर्साचं सांगून आलीय."

आणि ती आली. ठरलेल्या महिन्यात, ठरलेल्या आठवड्यात. मी तिचं टेबल पुसून ठेवलं, भिंतीवरच्या यादीत तिचं नाव घातलं. विमानतळावर मामा गेला होता. पण गाडी सणसरला आली नाही. भिगवणच्या पुढे, हमरस्त्यालगतच्या डाळजला मामाच्या घरापाशी थांबली.

झालं होतं असं की, मधल्या काळात आबांनी थोरल्यासाठी मुली बघायला घेतल्या होत्या. पोरगा सरळ, निर्व्यसनी, घरचा ऊस. पण हल्ली आमच्या भागात शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणं कठीण झालंय, हे तुम्हाला मी सांगायला नको. एकेक स्थळ परत जात होतं. मग आबांनी मुलाच्या परिचयपत्रकात एक ओळ घातली: बहीण लंडन येथे स्थायिक. त्यानंतर माळशिरसकडचं एक स्थळ पुढे सरकलं. चांगली माणसं, शिकलेली मुलगी. सुपारी फुटायची होती तेवढ्यात लंडनला स्थायिक झालेली बहीण परत आली.

"चार दिवस ऱ्हा मामाकडं," आबा तिला म्हणाले. "गावात लोकं काय म्हणतील? का आली, हाकलली का, काय भानगड झाली. सोयरीक मोडंल."

"मी तर मांडवातच सांगितलं हुतं, एक वरीस म्हणून."

"ते कोण ध्यानात ठेवतंय?"

चार दिवसांचा महिना झाला. मी सणसरला जाऊन आबांना भेटले. म्हटलं, "आबा, हे किती दिवस चालवायचं?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मॅडम, तुमचा पोरगा शेती करतोय का?"

माझा मुलगा पुण्यात संगणकावर काम करतो. मी चहा संपवला आणि निघाले.

तिला प्रयोगशाळेत आणणं शक्य नव्हतं. सणसरची निम्मी माती माझ्याकडेच तपासायला येते. म्हणून मी तपासणीचे आकडे तिला डाळजला पाठवायची आणि ती तिथे बसून खतांच्या शिफारशी लिहायची. मामाच्या घराची मागची खोली, खिडकीला साडीचा पडदा. आपल्याच गावच्या शेतांना काय कमी आहे ते ती लिहायची आणि खाली सही माझी असायची. एकदा त्यात आबांच्या उसाची माती आली. तिने जरा जास्तच सविस्तर लिहिलं. अहवाल न्यायला आबाच आले. उभ्याउभ्या वाचून म्हणाले, "ब्येस लिहिलंय. नवीन माणूस ठेवला का?"

मी म्हटलं, "जुनंच आहे."

आबांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, परत काढली, परत वाचली. मग गेले.

सुपारी फुटली, तशी मुलीकडच्यांना लंडनच्या नणंदेशी बोलायची हौस आली. तो व्हिडिओ कॉल झाला त्या दुपारी मी डाळजला होते. मार्च महिना होता. मामाने तिच्या मागची भिंत नवीन चुन्याने रंगवली होती आणि वरचा पंखा बंद केला होता. आबांनी तिला स्वेटर घालायला लावला होता. ती मला आधीच म्हणाली, "मॅडम, मी लंडनला हाय असं माझ्या तोंडानं म्हणणार न्हाय. बाकी दादासाठी बशीन."

पडद्यावर मुलीची आई आली. "काय गं बाई, बरी हायस ना?"

"बरी हाय. जेवण झालं."

"थंडी लई असंल तिकडं?"

तिच्या वरच्या ओठावर घाम होता. "लंडनला मार्चमध्ये असती थंडी."

तेवढ्यात दारावरून सायकलवाला ओरडत गेला, "चिलापीऽ, ताजी चिलापीऽ." धरणातले ताजे मासे घेऊन तो रोज याच वेळी येतो. आबांचा चेहरा पांढरा पडला.

"कोण ओरडतंय गं?"

"मासेवाला."

"तिकडं बी मासेवाले?"

"मासे सगळीकडंच खात्यात, मावशी."

फोन बंद झाल्यावर मामाला हसू आवरेना. आबाही हसले. तीही हसली, स्वेटर काढता काढता. मग तो डोक्यातून अर्धा निघाला असताना तशीच थांबली. तोंड झाकलेलं, हात वर. आम्हाला वाटलं, अडकला असेल. मामी पुढे झाली आणि तिला तशीच जवळ घेऊन बसली.

लग्न वैशाखात सणसरलाच झालं. नवऱ्यामागे करवली म्हणून सख्खी बहीण उभी राहते. तिथे चुलत बहीण होती. ती स्वतः तासाभराच्या वाटेवर डाळजच्या खोलीत मोबाइलवर लग्न बघत होती, कारण फोटोवाल्याने ते थेट दाखवायची सोय केली होती. मांडवात मला किती जणांनी विचारलं, "आबांची लेक आली न्हाय का?" मी सगळ्यांना सांगितलं, "नाही आली." अक्षता पडत असताना तिचा संदेश आला: दादाचा फेटा डाव्या बाजूला कललाय, नीट करायला सांगा. मी पुढे जाऊन सांगितलं. भावाने फेट्याला हात लावला आणि समोरच्या कॅमेऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. लोकांना वाटलं, फोटोसाठी बघतोय.

पाठवणी झाली की सांगू, असं ठरलं होतं. मग पहिले सण होऊ द्या, असं ठरलं. भाऊबीजेला भाऊ खतं आणायला जातो म्हणून घरून निघाला आणि डाळजला आला. तिने ओवाळलं. तो ताटात घालायला साडी घेऊन आला होता, बायकोच्या पसंतीची, "लंडनला पाठवायला" म्हणून घेतलेली.

"हिला दिवस गेल्यात," तो खाली बघत म्हणाला. "आत्ताच धक्का नको. आजून थोडं थांब."

"थोडं म्हंजे किती, दादा?"

तो साडीची घडी नीट करत बसला.

त्यानंतर तिने माझं काम करता करता स्वतःच नोकरी शोधली. शारजामध्ये फळांच्या शीतगृहात, पेट्यांमधला माल तपासायची. करार दोन वर्षांचा. मी म्हटलं, "तू मातीचं शिकलीस, आणि फळांच्या पेट्या उघडणार?"

"मॅडम, हितं माझं मातीचं काम लोकांना दाखवायचं न्हाय. मग कुठं का असंना."

मी भांडले, समजावलं, आबांशी बोलते म्हणाले. ती म्हणाली, "तुमी गेलात तर आबा रडतील, आन मग मला जाता येणार न्हाय. आता जाऊ द्या. निदान परदेशात हाय असं जे सांगत्यात ते तरी खरं हुईल."

ती गेली त्या दिवशी डाळजच्या रस्त्यावर आम्ही चौघं होतो. मामा, मामी, तिची आई आणि मी. आई सणसरहून माहेरी जाते सांगून आली होती. बॅगेची चेन अडकत होती, ती आईने साबण लावून सरकवली आणि गाडी येईपर्यंत पुन्हा पुन्हा उघडून लावून बघत राहिली. मुंबईची बस आली. मी विचारलं, "परत कधी?"

मी बोटाची वाट बघत होते. ते वर झालं नाही.

"बघू," ती म्हणाली.

अधूनमधून तिचा संदेश येतो. इंदापूरच्या डाळिंबांच्या पेट्या तिथे येतात, असं एकदा लिहिलं होतं. पेटीवर गावाचं नाव असतं.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिची वहिनी माझ्याकडे मातीची पिशवी घेऊन आली. सातवा महिना होता. धापा टाकत खुर्चीत बसली आणि म्हणाली, "माती निमित्ताला आणलीय, मॅडम. ताईंचा नंबर असंल ना तुमच्याकडं? घरी कुणी देत न्हाय. मागितला की म्हणत्यात, तिकडं आता रात्र असंल. सारखीच कशी रात्र असंल?"

मी विचारलं, काय काम आहे.

"बारशाला आत्या नको का? नाव आत्यानंच ठेवायचं असतं. त्यांना म्हणावं, आठ दिवस तरी या." मग जरा हसून म्हणाली, "खरं सांगू? त्या लंडनमुळंच आमचे अप्पा दोनदा नको म्हणले हुते. एकुलती एक नणंद साता समुद्रापलीकडं, उद्या सासू-सासऱ्यांचं दुखलंखुपलं तर माझी पोरगी एकटी काय करंल, म्हणून. मीच अडून बसले. मला ह्यांचा स्वभाव आवडला हुता. लंडनचं मला काय करायचंय?"

मी तिला पाणी दिलं. पिशवीवर नाव आणि तारीख लिहिली. नंबर विचारून देते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशीच्या यादीत एक ओळ लिहिली: शारजाला फोन.

फोन केला की दोन गोष्टी सांगाव्या लागतील. बाळाला आत्या हवी आहे, ही एक. दुसरी, जे सांभाळायला ती दारामागे राहिली, लग्नाला मुकली आणि गेली, ते कुणी मागितलंच नव्हतं. पहिली सांगितली की ती विचारणारच, वहिनीचं माहेर काय म्हणतं, आणि मग दुसरीही सांगावी लागेल. आणि करार संपेपर्यंत तिला येता येणार नाही.

मुलगी झाली. बारावा दिवस कधीच उलटून गेला, पण वहिनी ऐकत नाही. आत्या येऊ दे, निदान फोनवरून तरी नाव ठेवू दे, म्हणते. सणसरच्या त्या घरात बाळाला अजून नुसतं बाळ म्हणतात. ती न खोडलेली ओळ मी रोज सकाळी नव्या यादीवर उतरवते. आजही उतरवली आहे.