साडूची अमेरिकन टीम

उभ्या आयुष्यात बेसबॉलची बॅट हातात न धरता, आपलं कुणी ऐकत नाही म्हणूनच एका अमेरिकन टीमचा संसार रसातळाला चालला आहे अशी पक्की खात्री असलेला माणूस दक्षिण गोलार्धात एकच आहे, आणि माझं नशीब असं की तो माझा साडू आहे. बायको माणूस निवडतो. साडू पदरात पडतो.

ऑकलंडच्या फ्लॅट बुशमध्ये त्याचं प्रशस्त घर आहे आणि नोकरी सांडपाण्याच्या पाइपांच्या इंजिनिअरची. न्यूझीलंडला येण्याआधी कंपनीने त्याला दीड वर्ष अमेरिकेत ठेवलं होतं. त्या दीड वर्षात तो स्टेडियमवर तीनदा गेला, त्यातल्या एकदा पाऊस पडला. एवढ्या भांडवलावर तो त्या टीमला ‘आम्ही’ म्हणतो. ‘आम्ही त्याला जाऊ द्यायला नको होतं,’ असं तो ऐन जेवणात, वरणाची वाटी हातात धरून, अशा आवाजात म्हणतो की नवख्या पाहुण्याला वाटावं, घरातलं कुणीतरी गेलं. एकदा मी विचारलं, ‘आम्ही म्हणजे कोण कोण रे?’ तर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. सुखाचे दिवस होते ते.

नुसता सामना पाहणं हा त्याच्या लेखी हलक्या लोकांचा उद्योग. त्याचा जीव खेळाडूंच्या अदलाबदलीत. बेसबॉलमध्ये एक टीम आपला खेळाडू दुसरीला देते आणि बदल्यात तिचे एक-दोन घेते. ह्याला ट्रेड म्हणतात. त्या खेळाडूला सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडे बैलबाजारात निदान बैलाच्या पाठीवरून हात तरी फिरवतात. साडूचं धोरण ठाम होतं: तिशी ओलांडलेले सगळे देऊन टाकायचे, बदल्यात मिसरूड न फुटलेली पोरं आणायची आणि पाच वर्षं थांबायचं. ही पाच वर्षं मी सातव्या वर्षीही ऐकत होतो. हे सगळं त्याने टीमच्या मॅनेजरला बारा पानी पत्राने कळवलं. उत्तरादाखल तिकिटविक्रीचं छापील पत्रक आलं. ते त्याने फ्रेम करून गॅरेजमध्ये लावलं, कारण पाकिटावर त्याचं नाव बिनचूक होतं.

हे गॅरेज म्हणजे त्याचं संसदभवन. अमेरिकेतली शुक्रवारची संध्याकाळ ही आमची शनिवारची दुपार. तेव्हा गाड्या बाहेर काढून आत कॉम्प्युटर मांडला जाई आणि अडखळत्या इंटरनेटवर सामना लागे. ऑकलंडच्याच पापाकुऱ्याहून त्याचा एकमेव समदुःखी येई. हे मूळचे सांगलीचे फार्मसिस्ट, पन्नाशीला टेकलेले, गुडघे दुखरे, स्वभाव गोड. त्यांचा भाऊ कधीकाळी त्याच अमेरिकन शहरात राहायचा, एवढ्या पापाची शिक्षा म्हणून तेही त्याच टीमचे. मी मात्र फक्त मेहुणीच्या हातच्या मिसळीसाठी जात असे.

वाद नेहमी एकाच माणसावरून. टीमचा कॅचर, म्हणजे आपल्याकडचा विकेटकीपर, पस्तिशीचा होता. त्याच्याकडे चेंडू फेकणारा तो पिचर, म्हणजे आपला बोलर.

‘गुडघे गेलेत त्याचे,’ साडू ओरडे. ‘आत्ता दिला तर दोन पोरं मिळतील. त्यातला एक डावखुरा पिचर आहे, एकोणीस वर्षांचा!’

‘अहो, आपले सगळे पिचर त्याच्या जिवावर टाकतात,’ फार्मसिस्ट पाव मोडत म्हणत. ‘त्याला देऊन दोन बाळं आणलीत, तर लंगोट कोण बदलणार?’

‘भावनेवर टीम उभी राहत नसते!’

‘मग कशावर राहते?’

दोघांचे आवाज शेजारच्या किवी आजोबांच्या कुंपणापलीकडे जात. साडूची मुलगी दारातून डोकावून म्हणे, ‘डॅड, दे कान्ट हिअर यू.’ त्या घरातलं एकमेव शहाणं वाक्य.

हे सगळं गॅरेजमध्ये राहिलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण एका वर्षी मराठी मंडळींच्या क्रिकेट स्पर्धेत फ्लॅट बुशच्या संघाचं मॅनेजरपद, दुसरं कुणी तयार नसल्याने, साडूकडे आलं. फार्मसिस्ट ह्या संघाचे कित्येक वर्षांचे विकेटकीपर. जानेवारीतल्या एका शनिवारी साडू गॅरेजमध्ये हात चोळत आला. ‘झकास ट्रेड झाला! हेन्डरसनच्या संघाकडून युनिव्हर्सिटीतली दोन पोरं आणली.’

‘वा! आणि बदल्यात दिला कोण?’ फार्मसिस्टांनी कौतुकाने विचारलं.

‘तुम्ही.’

त्यांना आधी थट्टा वाटली. मग त्यांनी मिसळीची वाटी हळूच खाली ठेवली. ‘मला विचारायचं तरी.’

‘ट्रेडमध्ये विचारत नाहीत,’ साडू म्हणाला. हे तो खरंच समजावून सांगत होता; इतका गाढव माणूस मी पाहिलेला नाही. फार्मसिस्टांनी दारातल्या जँडल्स, म्हणजे इकडच्या सपाता, पायात सरकवल्या, आत जाऊन मेहुणीला ‘येतो हं वहिनी’ म्हणाले आणि गेले.

स्पर्धेत त्या दोन पोरांपैकी एकजण समुद्रावर पोहायला गेला, तो सामन्याला आलाच नाही. दुसऱ्याने तीन झेल सोडले. साडू स्वतः खेळायला उतरला आणि पुढे सरसावला, तेव्हा मागून हेन्डरसनच्या फार्मसिस्टांनी त्याला शून्यावर यष्टिचीत केलं. अपील करताना त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. मी सीमारेषेबाहेर उभा राहून मनमुराद टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर शनिवारी पापाकुऱ्याची गाडी आली नाही. साडू एकटाच बसे आणि मला समजावून सांगे. मी मिसळ खाई.

जुलैमध्ये त्या अमेरिकन टीमने खरोखरच म्हाताऱ्या कॅचरला देऊन टाकलं. मला वाटलं, आज पेढे. गेलो तर साडू पडद्याला नाक लावून बसलेला. पडद्यावर त्या कॅचरचा फोटो: एका हातात बॅग, दुसऱ्या हाताला लहान मुलगी.

‘तुझ्या मनासारखं झालं ना रे?’

‘झालं,’ तो म्हणाला. ‘त्याला म्हणे ड्रेसिंग रूममध्ये सांगितलं. सगळ्यांसमोर.’ मग एकदम उठला. ‘चल.’

पापाकुऱ्याला फार्मसीत तो प्रिस्क्रिप्शनवाल्यांच्या रांगेत उभा राहिला. नंबर आल्यावर काउंटरकडे बघतच म्हणाला, ‘माझं चुकलं. विचारायला हवं होतं.’

फार्मसिस्टांनी हातातल्या बाटलीवर लेबल नीट चिकटवलं. ‘तो डावखुरा मिळाला का तरी?’

‘मिळाला.’

‘खांदा बघा त्याचा. मला काही ठीक वाटत नाही,’ ते म्हणाले. रांगेतल्या आजीबाई खाकरल्या, तरी हे दोघे दहा मिनिटं त्या खांद्यावर बोलत राहिले.

पुढचं दीड वर्ष गॅरेज पुन्हा दणाणलं. मग फार्मसिस्टांना ब्रिस्बेनला चांगली नोकरी लागली आणि ते गेले. विमानतळावर साडूने त्यांच्या सगळ्या बॅगा स्वतः उचलल्या.

आता शनिवारी मी जातो. मेहुणी हल्ली कामावर असते, त्यामुळे मिसळ नसते, तरी जातो. परवा त्याने टीमच्या खेळाडूंची यादी पुढ्यात टाकली. ‘सांग, तू मॅनेजर असतास तर ह्यातल्या कुणाला ठेवलं असतंस?’

‘सगळ्यांना,’ मी म्हणालो.

‘तुला ह्यातलं काही कळत नाही,’ तो तुच्छतेने म्हणाला. पण यादी त्याने परत घेतली नाही. बराच वेळ आम्ही दोघे ती नावं वाचत बसलो.