रविवारी मांडायचा प्रस्ताव

घशाचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा बोलू शकत नाहीत. ते कोर्टात टायपिस्ट होते, त्यामुळे आवाज गेला तरी बोटं बोलती राहिली. मोबाइलच्या काचेवर मात्र ती अडखळतात; त्यांना दाबल्यावर वाजणारी कळ लागते. म्हणून चिपळूणच्या घरी, त्यांच्या जुनाट कम्प्युटरवर मी एक फुकटचं, हलकं लिनक्स घालून दिलं होतं आणि त्यात चॅटचा एक चिमुकला प्रोग्राम. रोज संध्याकाळी ते टाइप करायचे, मी इथे बहारीनला, नईम भागातल्या माझ्या खोलीत वाचायचो. कागदावर लिहून आईकडून वाचून घ्यायला ते तयार नव्हते. आईबद्दलची तक्रार आईनेच कशी वाचायची?

लिनक्सची नवी आवृत्ती आली. मी शिकवल्याप्रमाणे बाबांनी 'अपडेट' दाबलं आणि चिमुकला प्रोग्राम गेला. त्याच्या जागी आलेला देखणा होता, पण तो उघडायला गेलं की अख्खा कम्प्युटर गोठायचा. गावातल्या दुरुस्तीवाल्याचं एकच निदान होतं, डबा फेका. माझी रजा उन्हाळ्यात.

मग ते लिनक्स बनवणाऱ्या स्वयंसेवकांकडे मी प्रस्ताव टाकला: एक हलका चॅट प्रोग्राम पुन्हा यादीत घ्यावा. माणसं जगाला फुकट वाटणारी, पण प्रस्तावाचा नमुना असा की जणू विमानतळ बांधायचाय. उद्दिष्ट, व्याप्ती, जोखीम. 'कोणाला उपयोग' या रकान्यात मी आधी 'बाबा' लिहिलं, मग ते खोडून 'कमी मेमरीचे वापरकर्ते' केलं. असे किती आहेत, असं एकाने विचारलं. भरपूर, मी कळवलं.

ऑनलाइन बैठकीला प्रस्तावकाने हजर राहायचं, नाहीतर प्रस्ताव पुढच्या आवृत्तीवर, असा नियम होता. रविवारी सकाळी अकरा चालतील का, असं विचारल्यावर मी तत्काळ होकार दिला. बहारीनमध्ये अकरा वर्षं शुक्रवार-शनिवारची सुट्टी घेतोय, पण रविवार म्हणजे सुट्टी हे हाडातून गेलेलं नाही.

रविवारी अकरा वाजता मी सीफ भागातल्या आमच्या ऑफिसात साहेबांसमोर बसलो होतो. विषय होता 'संवादाचं भविष्य', आणि सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत जमा. मी उठायला लागलो तसा शेजारच्या मल्याळी सहकाऱ्याने माझी बाही ओढली. "बैठो भाई, साब देख रहा है."

बाहेर आलो तेव्हा निकाल एका ओळीत आला होता: प्रस्तावक गैरहजर, सहा महिन्यांनी पाहू. मी विनवणी लिहिली, या वेळी बाबांसकट. उत्तर सभ्य होतं. भावना समजतात, नियम सर्वांना सारखे. सहकाऱ्याने माझ्या तोंडाकडे पाहून विचारलं, "खलास?"

संध्याकाळी घरी फोन केला. आमचं ठरलेलं होतं, टेबलावर एक टिचकी म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. आईने फोन त्यांच्यापुढे धरला.

"बाबा, अजून सहा महिने लागतील. माझंच चुकलं."

टिचकी आली नाही. मग कळांचा खडखडाट सुरू झाला, कोर्टातल्याच वेगाने, बराच वेळ. समोरचा पडदा गोठलेला होता, हे त्यांना माहीत होतं.

"लिहितायत रे," आई म्हणाली. "थांब जरा."

मी फोन कानाला लावून थांबलो.